राखणदार

मडुऱ्याहून गाडी सुटली की पेडणे स्टेशन यायच्या आधी एक बोगदा लागतो. 2024 च्या जुलैत याच बोगद्यात जमिनीतून पाणी वर आलं आणि कोकण रेल्वे अडून पडली होती. जुलैतल्याच एका पहाटे त्या बोगद्यातून बाहेर पडलो, तर दोन्ही बाजूंना नुसती शेतं आणि शेतांत नुसतं पाणी. लावणी उरकलेली होती. स्टेशनवर उतरलेली बहुतेक मंडळी हरमल, मोरजी, केरी अशी समुद्राच्या दिशेने गेली. मी पूर्वेची वाट धरली. मला मरळ पाहायचा होता, आणि जमलं तर गरवायचाही होता.

गोव्यात मासा म्हटला की समुद्र. इसवण, पापलेट, बांगडा, फार तर खाडीतला चोणक आणि तामसो. पण 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते. त्या दोन महिन्यांत पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या माणसांची नजर आपसूक मागे वळते, डोंगराकडे आणि व्हाळांकडे. पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढत शेतात आणि ओहळांत येतात. हे चढणीचे मासे. त्यांच्यासाठी रात्री बॅटऱ्या घेऊन मेरेवर गेला नाही असा माणूस या पट्ट्यात विरळाच.

मरळ या सगळ्यांत वेगळा. तो चढतो, आणि तिथंच राहतो.

पेडण्याच्या पूर्व भागातली नदी वर तिळारी म्हणून ओळखली जाते आणि समुद्राजवळ शापोरा. दोडामार्ग तालुक्यातून ती गोव्यात उतरते. एका काठाला डिचोलीतलं साळ, दुसऱ्या काठाला पेडण्यातली हणखणे, इब्रामपूर, चांदेल ही गावं. खाली हळर्णला तिच्या काठावर किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि ज्या व्हाइसरॉयने घेतला त्याला पुढे ‘हळर्णचा मार्कीस’ असा किताबच मिळाला. आज किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की नदी शांत वाटते, पण ती शांत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिळारीचं पाणी वाढलं तेव्हा या दोन्ही काठांवरच्या घरांत आणि शेतांत नदी घुसली होती.

जुलैत ती लाल, जाड आणि वेगवान असते. अशा पाण्यात मरळ नसतो. मरळाला नदीचा मासा म्हणतात खरं, पण तो नदीच्या कडेचा मासा आहे. पूर ओसरल्यावर मागे उरलेलं डबकं, कमळाच्या पानांनी भरलेलं तळं, व्हाळ जिथे वळतो तिथला संथ कोपरा, भातखाचरातली खोलगट जागा, ही त्याची घरं. हसापूरच्या पुढे एका व्हाळावर मला ज्यांनी हे दाखवलं ते सत्तरी ओलांडलेले शेतकरी काका होते. लहानपणापासून ते गरवत आले आहेत. त्यांच्याकडे बांबूची काठी, जाड दोरी आणि बोटाएवढा गळ, बस. माझ्याकडे रिळाचा रॉड, विणलेली दोरी आणि रबरी बेडूक. तो बेडूक त्यांनी हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला.

रबरी बेडकाची रचना खरोखर पाहण्यासारखी असते. पोट पोकळ असतं. दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून, गवतावरून घसरत येतो आणि कुठे अडकत नाही. माशाने तोंडात धरला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. काका जुन्या काळी जिवंत बेडकी लावायचे. आता लावत नाहीत, आणि ते बरंच झालं. पावसाळ्यात गोव्यात मोठ्या बेडकांची चोरटी शिकार होते, हॉटेलांतून त्यांचं मांस वेगळ्याच नावाने वाढलं जातं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा बेडूक संरक्षित आहे. भातावरची कीड तो खातो, आणि तो संपला तर शेतकऱ्याचंच नुकसान.

‘‘सवकास,’’ काका म्हणाले. ‘‘वर येतलो तो.’’

आम्ही मेरेवर उकिडवे बसलो. पाच-सात मिनिटांनी पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी हललं, एक चपटं काळं तोंड क्षणभर वर आलं, ‘गुळप’ असा आवाज झाला आणि मागे दोन बुडबुडे राहिले. मरळाने श्वास घेतला होता. इतर माशांसारखे त्यालाही कल्ले आहेत, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी एक वेगळी पोकळी असते आणि तिच्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. मोठा मरळ वर येऊ शकला नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो. मासा बुडून मरतो हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण रात्रभर टाकून ठेवलेल्या जाळ्यात हे नेहमी घडतं.

याच पोकळीच्या जोरावर तो आटणाऱ्या तळ्यातून निघून ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. उन्हाळ्यात चिखलात रुतून दिवस काढतो. वैशाखात शेत खणताना ओल्या मातीत जिवंत मरळ सापडल्याच्या गोष्टी कोकणात घरोघर सांगितल्या जातात. त्या दंतकथा नाहीत, त्याच्या शरीराचं कामच तसं आहे.

मरळ म्हणजे एकच जात नव्हे. सगळ्यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग चॅना. भातशेतात आणि तळ्यांत सर्रास मिळणारा चॅना स्ट्रायाटा. त्याचं शास्त्रीय वर्णन ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने 1793 मध्ये केलं. तो मीटरभर वाढू शकतो. मोठ्या नद्यांत राहणारा, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असलेला चॅना मारुलियस त्याहूनही मोठा होतो. व्हाळांतल्या दगडांखाली राहणारा वीतभर लांबीचा चॅना गाचुआ, त्याला कुठे डोक म्हणतात, कुठे डोकऱ्या. नाव गावागणिक बदलतं. मारुलियस आणि गाचुआ ही दोन्ही नावं फ्रान्सिस हॅमिल्टनच्या गंगेतल्या माशांवरच्या 1822 च्या ग्रंथातली. हॅमिल्टन लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये बसवत असे, म्हणून या नावांना अजून नदीकाठच्या बोलीचा वास आहे.

पहिली फेक चुकली. दुसऱ्या फेकीला पानाखालून लाट उठली, बेडूक दिसेनासा झाला आणि मी लगेच रॉड ओढला. बेडूक रिकामाच परत आला. मरळ भक्ष्य आधी चावून पकडतो आणि मग तोंडात फिरवतो. दोरी ताणली जाईपर्यंत दम धरावा लागतो. एक, दोन असं मनात मोजायचं आणि मग झटका द्यायचा. चौथ्या फेकीला ते जमलं. रॉड वाकला, मासा थेट मुळांत शिरायला धावला. त्याला मुळांत जाऊ द्यायचं नसतं, गेला की दोरी तरी तुटते नाहीतर मासा तरी जखमी होतो. दोन मिनिटांत सव्वा किलोचा मरळ मेरेच्या कडेला आला. हातात धरल्यावर कळलं, अंगाला बुळबुळीत चिकट थर असतो आणि त्या थराखाली एकच एक घट्ट स्नायू. तो माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं. हवेत तो धडपडला नाही. हवा त्याला परकी नव्हती.

तो मासा काकांनी ओल्या गोणपाटात गुंडाळला. दुपारी त्यांच्या घरी पोचलो तेव्हाही तो जिवंत होता.

जे सांगण्यासाठी हे लिहितो आहे ते त्या दिवशी संध्याकाळी घडलं. चांदेलच्या बाजूला एका तळ्यावर मी एकटाच गेलो होतो. पाऊस थांबला होता. तळ्याच्या मध्यावर पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखी दिसली. वितीएवढ्या जागेत शेकडो बारीक थेंब वर येत होते, बुडत होते आणि ती उकळी हळूहळू सरकत होती. थोडी जवळ आली तेव्हा तिचा रंग दिसला, नारिंगी-लाल, कुंकवाची चिमूट पाण्यात सोडावी तसा. मी बेडूक त्या लालीच्या पलीकडे टाकला आणि तिच्यावरून ओढत आणला. तो मध्यावर यायच्या आत तळं फुटलं. एवढा जोराचा हल्ला दिवसभरात झाला नव्हता. मोजायची गरजच पडली नाही, गळ आपोआप रुतला होता.

मासा काठाशी आणतो तोवर मागून काका आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते तळ्याकडे पाहत होते.

‘‘पिलां आसात हांगा,’’ ते म्हणाले. ‘‘सोड ताका.’’

मी गळ काढला आणि मासा सोडला. तो खोल पाण्यात पळाला नाही. शेपटीचा एक फटका मारून सरळ त्या लालीखाली गेला. पण मधल्या चार-पाच मिनिटांत लाली विस्कटली होती. तिच्या कडेला दोन-तीन ठिकाणी पाणी चमकत होतं. दुसरे मासे पिल्लांना टिपत होते. मी जे केलं ते मला तिथंच कळलं आणि अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

चॅना स्ट्रायाटाची जोडी पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या मधली थोडी जागा मोकळी करते. अंडी तेलकट थेंबांसारखी पाण्यावर तरंगतात आणि दोनेक दिवसांत फुटतात. पिल्लं लाल, आणि आईबापांसारखीच हवेवर जगणारी. त्यांना वारंवार वर यावं लागतं, म्हणून ती उकळी दिसते. आकाशातून खंड्या आणि बगळा, पाण्यातून दुसरे मासे, सगळ्यांना ती उकळी दिसत असते. म्हणून काही आठवडे जोडीतला एक मासा तरी सतत त्या पुंजक्याच्या खाली राहतो. जे कोणी जवळ येईल त्याच्यावर तो तुटून पडतो. बेडूक असो, साप असो, नाहीतर रबराचा तुकडा. भूक लागली म्हणून तो गळ धरत नाही. तो राखण करत असतो.

पेडण्यात राखण हा शब्द जुना आहे. गावाच्या सीमेवर, मळ्यावर, तळ्यावर राखणदार असतो ही इथल्या माणसांची श्रद्धा आहे. वर्षाला त्याला रोट दिला जातो आणि त्याच्या जागेत शिरताना लोक अजूनही आवाज खाली आणतात. काकांनी मला मरळाबद्दल कुठलंही व्याख्यान दिलं नाही. राखणदाराला गळ लावायचा नसतो, एवढंच त्यांना माहीत होतं आणि ते पुरेसं होतं.

आज हौशी गरवणारे वाढलेत. मोटारसायकलवर रॉड बांधून शहरातून येतात. त्यांच्यात मरळाची ओढ मोठी आहे आणि ती मला समजते, कारण मलाही ती आहे. पण यातले कित्येक जण पावसाळ्यात मुद्दाम लाल पुंजकेच शोधत हिंडतात, कारण तिथे मासा हमखास लागतो. त्यात कसब काहीच नाही. आणि फोटो काढून मासा परत सोडला म्हणजे हिशेब मिटला असंही नाही. पाच मिनिटांची गैरहजेरी काय करते ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी साळवरून डिचोलीत उतरलो. साळ गाव शिमग्यातल्या गड्यांच्या उत्सवासाठी सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. पावसात ते नुसतं हिरवंगार असतं. वाटेत आमठाण्याचं धरण लागलं. त्याच्या पाण्यात मगरी आहेत, तेव्हा तिथे काठावर उकिडवं बसून गरवण्याचा विचारही करू नये.

बुधवार होता, डिचोलीच्या बाजाराचा दिवस. मासळीच्या ओळीच्या टोकाला एक बाई प्लास्टिकच्या टबात चार मरळ घेऊन बसली होती. टबात पाणी जेमतेम चार बोटं, वर ओलं पोतं. मासे जिवंत. मरळ असाच, जिवंत विकला जातो, म्हणून भावही चांगला मिळतो. ‘‘मावशी, साफ कसा करायचा?’’ म्हणून विचारलं, तर तिने सांगितलं, चुलीतली राख चोळायची, मग हातातून निसटत नाही. काटा मधला एकच मोठा, बारीक काट्यांचा त्रास नाही, म्हणून मुलांना आणि आजारी माणसाला देतात. आदल्या रात्री काकांच्या घरी मी तो तिरफळं आणि सोलं घातलेल्या हुमणात खाल्ला होता. मांस पांढरं, घट्ट, आणि चिखलाचा वास अजिबात नाही.

आजारी माणसाला मरळ देण्याची रीत फार दूरवर पसरली आहे. मलेशियात ऑपरेशन झालेल्या माणसाला मरळाचा रस्सा देतात. हैदराबादेत मृगाच्या सुरुवातीला दम्याच्या रुग्णांच्या घशात औषध लावलेलं मरळाचं जिवंत पिल्लू सोडतात. वैद्यकशास्त्राने त्या औषधाला मान्यता दिलेली नाही, तरी हजारो लोक रांग लावतात. अमेरिकेत तर या रश्श्यापायी मोठं प्रकरण झालं. मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावी एकाने आजारी बहिणीला रस्सा करून देण्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून चिनी जातीचे दोन मरळ मागवले. तोवर बहीण बरी झाली, म्हणून मासे गावच्या तळ्यात सोडून दिले. 2002 मध्ये तिथे मोठे मरळ सापडू लागले तेव्हा सरकारने अख्ख्या तळ्यात विष टाकलं आणि हजारावर पिल्लं वर आली. तिथे तो परका आणि म्हणून शत्रू. आपल्याकडे तो या मातीतलाच आहे, भातखाचराइतकाच जुना, आणि त्याच्यावर विष टाकणारे आपणच आहोत.

होय, विष. डोंगराळ भागात पूर्वी गेळ्याची फळं ठेचून पाण्यात टाकत. मासे गुंगून वर येत आणि थोड्या वेळाने पाणी निवळे. आता ब्लीचिंग पावडर टाकतात, कुठे जिलेटिनचा स्फोट करतात. कोंडातलं सगळंच मरतं, मासा, खेकडा, झिंगा, अंडी, किडे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरवलं आहे. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा आहे, पण रात्री व्हाळावर पहारा कोण देणार?

डिचोलीला आणखी एक जखम आहे. हा लोहखनिजाचा तालुका. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवल्या, 2018 मध्ये 88 लीज रद्द केल्या. पण खाणींच्या काळात पावसाबरोबर वाहून आलेला लाल गाळ शेतांत आणि व्हाळांच्या तळाशी साचला. दगडांच्या सांदी बुजल्या, आणि डोकऱ्याचं घर म्हणजे त्या सांदीच. या छोट्या जातीत नर फलित अंडी तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळतो. त्याला थोडं स्वच्छ, वाहतं पाणी आणि दगडाखाली बोटभर पोकळी एवढंच लागतं. मयेच्या वाटेवर एका व्हाळात मी दगड न हलवता तासभर पाहत बसलो. गाळ अजून दिसतो. पण दोन दगडांच्या मध्ये एक वीतभर मासा होता, गाल फुगलेले, जागेवर स्थिर. त्याच्या तोंडात काय होतं ते मी तपासलं नाही.

जपायचं ठरवलं तर लोक जपतात. रायगडात महाडजवळ वाळण कोंडात वरदायिनीचे म्हणून मासे राखले आहेत. तिथे कुणी गळ टाकत नाही, उलट मासे हातातले चुरमुरे खायला काठाशी येतात. कायद्याच्या आधी तिथे श्रद्धेने काम केलं आहे. पाण्यात काय आहे हे आपल्याला पुरतं माहीतही नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं. केरळात 2018 च्या पुरानंतर भातशेतात एक विचित्र लांबट मासा आला. तो जमिनीखालच्या पाण्यात राहणारा मरळाचा पुरातन भाऊबंद निघाला. 2019 मध्ये त्याला एनिग्माचॅना गोलम असं नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी मत्स्यशास्त्राला नवं कूळच मांडावं लागलं. शेताच्या विहिरीत आणि बांधाखाली असं काय काय असेल!

परतताना काकांकडे पुन्हा गेलो. माझा रबरी बेडूक त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो खुंटीला लावला आणि म्हणाले, दिवाळीनंतर पाणी निवळतं, पिल्लं मोठी होतात, तेव्हा ये.

तेव्हा या पट्ट्यात गरवायला जाणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. पावसाळ्यात पाण्यावर लाल उकळी दिसली, तर दोरी गुंडाळा आणि पुढचं पाणी गाठा. बरोबर कुणी नवखा असेल तर त्याला ती उकळी दाखवा, तिच्याखाली कोण आहे ते सांगा. मोठा, अंड्यांनी भरलेला मासा लागला तर सोडून द्या. व्हाळात पावडर टाकताना कुणी दिसला तर पंचायतीला कळवा. आणि गळ, रॉड काहीच नसेल तरी मेरेवर दहा मिनिटं गप्प उभे राहा. मरळ श्वास घ्यायला वर येतोच.